बारा अंशांचं व्यंग

कॅलिस्टोवरच्या वसाहतीत श्रीहरी पुराणिक एकटाच उरला होता, आणि निदानयंत्राच्या मते त्याची प्रकृती उत्तम होती.

रोज सकाळी तो दवाखान्यातल्या पडद्यासमोर उभा राही. पडद्यावर अक्षरं उमटत : 'श्रीहरी पुराणिक. हातपाय व सांधे : व्यंग नाही.' मग तो खाली आपल्या डाव्या पावलाकडे बघे. ते होतं तसंच होतं, जन्मापासून आत वळलेलं, टाच जमिनीला न टेकवणारं.

"अरे, निदान तू तरी तोंडदेखलं बोलू नकोस," तो यंत्राला म्हणे.

यंत्र तोंडदेखलं बोलत नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. श्रीहरी इथला निदान-संकेतक होता. डॉक्टरांनी तपासायचं आणि त्याने त्या निदानाला यादीतला नेमका संकेत द्यायचा, असं ते काम. व्यंग जन्मजात की मागाहून आलेलं, डावं की उजवं, वळण किती अंशांचं, यातलं काही सुटलं की नोंद परत येई. स्वतःचा संकेत तर त्याला शाळेपासून पाठ होता : क्यू सहासष्ट.

नवं यंत्र बसवलं तेव्हा वसाहतीतले बाकीचे लोक पृथ्वीवर परतले होते आणि चौघंच मागे राहिली होती. डॉक्टर कुंदा वझे यांनी त्याला ते समजावून सांगितलं होतं.

"बुवा, इथलं गुरुत्व पृथ्वीच्या आठव्या हिश्शाएवढं. हाडं बदलतात, सांधे सैलावतात. पृथ्वीचा तक्ता लावला तर आपण झाडून सगळे आजारी. म्हणून या यंत्राला तक्ताच नाही. आपल्या हाडांत बसवलेले अस्थिबिंदू शरीराच्या उबेवर चालतात आणि हाडांचा आकार यंत्राला कळवतात. त्याच्या टापूत जेवढी जिवंत माणसं असतील त्यांची सरासरी म्हणजे सरळ. त्यापासून जो ढळला तो वाकडा."

"मग मी वाकडाच. कुठेही गेलो तरी."

"हिशेब करा की. तुमचं पाऊल चोवीस अंश वळलेलं, आम्हा तिघांची सरळ. पण सरासरीत तुम्हीही आहात. ती सहा अंश तुमच्याकडे सरकते. म्हणून यंत्र तुम्हाला अठराच अंश वाकडं म्हणतं. तिघं असतो तर सोळा. दोघं असतो तर बारा, आणि मग समोरचाही बिचारा बारा अंश वाकडा ठरला असता."

"आणि एकटाच असलो तर?"

"तर तुमच्यासारखा सरळ माणूस नाही," कुंदाताई हसून म्हणाल्या होत्या.

श्रीहरीचे वडील कीर्तनकार. त्यांच्या झांजा घेऊनच तो इतक्या दूर आला होता. संध्याकाळी भोजनगृहात तो कीर्तनाला उभा राही. पूर्वरंगात निरूपण झालं की मध्यंतरात श्रोत्यांपैकी कुणीतरी कीर्तनकाराला बुक्का लावायचा आणि मग उत्तररंगातली गोष्ट सुरू व्हायची. हा मान कुंदाताईंचा. देवावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण गोष्टीची मात्र भारी ओढ. कपाळाला बोट टेकवून त्या दर वेळी म्हणत, "चला, आता गोष्ट."

मग हिमकंपात संदेश-मनोरा पडला. पृथ्वीशी बोलणं तुटलं, बर्फगाडीशीही. कुंदाताई, अभियंता फैयाज मुकादम आणि चालक सिंधू तारमळे त्याच बर्फगाडीतून मनोरा उभा करायला निघाली. श्रीहरीही निघाला होता. पण त्याचं पाऊल पोशाखाच्या बुटात बसेना, आणि त्याच्या नोंदीत 'बाह्यगमनास अपात्र' हे शब्द त्यानेच प्रामाणिकपणे लिहिलेले होते.

"तोंड पाडू नका, बुवा. उत्तररंगाला येतोच आम्ही," फैयाज म्हणाला होता.

गाडी कड्यापलीकडे गेली तशी यंत्राच्या टापूबाहेर गेली, आणि दुसऱ्या सकाळी श्रीहरी सरळ झाला.

तेव्हापासून तो रिकाम्या खुर्च्यांपुढे पूर्वरंग करी आणि थांबे. बुक्का आपल्या हाताने लावायचा नसतो, असं वडील सांगत. त्यामुळे सगळी कीर्तनं अर्धीच राहिली. देव ऐकतोय यावर त्याची श्रद्धा होती, पण देवाने कधी पुढे येऊन कपाळाला बोट लावलं नाही.

आज वसाहतीचं स्वयंचलित परतयान निघायचं होतं. आज सुटलं नाही तर गुरूची अनुकूल स्थिती पुन्हा येईपर्यंत अन्न पुरणार नव्हतं. त्या तिघांना इथे टाकून निघायचं, या विचाराने त्याने रात्री ताटही वाढून घेतलं नव्हतं. चढण्याआधी आरोग्यनोंद लागते म्हणून तो पडद्यासमोर उभा राहिला.

'क्यू सहासष्ट. जन्मजात वळलेले पाऊल, डावे.'

श्रीहरीने ती ओळ पुन्हा वाचली. या ओळीने त्याला किती दारांतून परत पाठवलं होतं. आज मात्र ती वाचताना त्याचे डोळे भरून आले. कड्याच्या अलीकडे कुणीतरी होतं, जिवंत, ऊब असलेलं.

मग त्याची नजर पुढच्या आकड्यावर गेली. तिथे अठरा असायला हवे होते.

बारा होते.

गाडी एकच, तिघं त्याच गाडीत. बाकीची दोघं मागून येत असतील, असं त्याने मनाला सांगून पाहिलं. मनाने ऐकलं नाही. आलेलं माणूस कोण, ते तरी बघावं, तर दुसऱ्याची नोंद डॉक्टरांच्या किल्लीशिवाय उघडत नसे. कुणाची वाट पाहावी, हे ठरवणंसुद्धा पाप वाटलं त्याला.

परतयानाला त्याने संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. बाहेरचे सगळे दिवे लावले. झांजा आणि बुक्क्याची डबी घेऊन तो वायुदालनाच्या दाराशी उभा राहिला आणि त्याने नमन सुरू केलं. पूर्वरंग संपत आला तेव्हा बाहेरचं दार धडधडलं. तो थांबला नाही. हवा भरल्याचा आवाज झाला, आतलं दार सरकलं.

पोशाखातलं माणूस भिंतीला धरून उभं होतं. शिरस्त्राणाच्या काचेवर बर्फ धरलेलं, चेहरा दिसत नव्हता. श्रीहरीने न विचारता डबी पुढे केली. त्या माणसाने कष्टाने हातमोजा काढला, बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळाला टेकवलं. बोट गार होतं.

आतून दबका आवाज आला, "चला, आता..."

पुढचा शब्द कुंदाताईंच्याने उच्चारवेना.

श्रीहरीने त्यांचं शिरस्त्राण उतरवलं, त्यांना भिंतीशी बसवलं.

"यंत्र काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"बारा अंश, ताई. मलाही आणि तुम्हालाही."

त्यांनी मान हलवली. त्याने डबीतला बुक्का घेतला आणि त्यांच्या कपाळाला लावला.

"आज उत्तररंग तुमचा," तो म्हणाला, झांजा खाली ठेवल्या आणि वळलेलं पाऊल पोटाशी घेऊन त्यांच्यासमोर श्रोत्याच्या जागी बसला.