बारावा स्ट्रायकर

घराघरांतल्या छपाईयंत्रांतून कोणत्याही वस्तूची हुबेहूब प्रत निघू लागली आणि संग्राहकांचे हाल कुत्रं खाईना. दुर्मिळ असं काही उरलंच नाही. प्रत निघत नव्हती ती फक्त माणसाच्या आठवणीची, म्हणून कंपन्यांनी तीच विकायला काढली.

मिरजेच्या त्रिंबक पोतनीसांनी जन्मभर कॅरमच्या वस्तू जमवल्या. लग्न राहून गेलं. घरी फोन यायचा तो एकच, दर रविवारी, मालन गुजरचा. मालन एकेकाळची विश्वविजेती, त्याआधी त्रिंबकरावांची दुहेरीतली जोडीदार. आता तिच्या बारा आठवणी बारा स्ट्रायकरांत भरून मिळणार होत्या. स्ट्रायकर बोटांत धरला की तो क्षण तिच्या मनातून अनुभवायचा. बारावी आठवण होती तालुका स्पर्धेतल्या एका दुपारची, दोघांच्या पहिल्या सामन्याची. आगाऊ नोंदणी शनिवारपर्यंत. मागण्या जास्त आल्या तर चिठ्ठ्या टाकणार.

त्रिंबकरावांनी शेजारच्या डॉ. इरावती मुळगुंदांना गाठलं. त्यांचं संशोधन याच विषयातलं.

"म्हणजे तिच्याकडे ती दुपार राहणार नाही?"

"नाही काका. आठवण म्हणजे मेंदूतल्या कणांची अतिसूक्ष्म ठेवण. ती दुसरीकडे नेता येते, दोन्हीकडे ठेवता येत नाही. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं की तांब्या रिकामा. आम्ही याला स्मृत्यंतरण म्हणतो. शिवाय एका आठवणीला दुसऱ्या चिकटलेल्या असतात, त्याही जातात."

"आणि कुणी मागितलीच नाही तर?"

"तर ओतायचंच नाही. राहते त्यांच्यापाशी."

रविवारी त्यांनी मालनकडे विषय काढला. ती हसली. "अरे, कंपनीला बारा हव्या होत्या, माझ्या अकराच भरल्या. ही कोणी घेणार नाही, म्हणूनच तर घातली!"

"लिमिटेड म्हटलं की लोक काहीही उचलतात, मालन."

"तुझं ते संग्राहकाचं डोकं जरा बाजूला ठेव. गप थांब."

ते थांबले, शुक्रवारपर्यंत. मग आपली दुपार कुणा परक्याच्या काचेच्या कपाटात दिसू लागली आणि त्यांना राहवेना. एका दुपारला असं काय चिकटलेलं असणार, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी नोंदणी केली.

स्ट्रायकर आला. बोटांत धरताच त्यांना तरुण, किडकिडीत त्रिंबक दिसला, बोर्डावर पावडर पसरताना. आणि मालनच्या मनात स्पष्ट उमटलं: यानं कधी विचारलं, तर हो म्हणायचं.

त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. ते हमसून हमसून रडले.

त्या रविवारी फोन आला नाही. त्यांनीच लावला.

"कोण पोतनीस?" मालनने अदबीने विचारलं. "सही हवी होती का तुम्हाला?"

त्यांनी कंपनीला फोन करून स्ट्रायकर परत घ्या म्हणून विनवणी केली.

"एकदा काढलेली आठवण पुन्हा बसत नाही, आजोबा," पलीकडची मुलगी म्हणाली. "आणि परत कशाला करता? नशीबवान आहात. बाकीच्या अकरांना चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. याला तुमची एकट्याचीच मागणी होती."