शेषरावांवर बजावलेलं समन्स

अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, त्या दिवसांत अमरावतीच्या कचेरीत नत्थुजी नावाचा चपराशी होता. आरोपींना आणि त्यांच्या जामीनदारांना तारखेचं समन्स पोचवायचं, हे त्याचं काम. पण वेचणीच्या हंगामात माणूस घरी सापडेल तर शपथ! दोन समन्सं तशीच परत आली, तेव्हा शिरस्तेदार म्हणाले, "तिसरं परत आणलंस तर कमरेचा पट्टाही काढून आण."

तिसरं होतं अंजनगाव सुर्जीकडच्या शेषरावांच्या नावाचं. कापसाच्या गाठींत दगड भरणाऱ्या गोवर्धनला ते जामीन राहिले होते आणि गोवर्धन फरार झाला होता. तारखेला तो आला नाही, तर शेषरावांचं शेत जप्त.

ऐन दुपारी नत्थुजी त्या शेताच्या बांधावर पोचला. चहूकडे पांढराशुभ्र कापूस फुटलेला, वेचणारं मात्र कुणी नाही. वारा पडलेला. सुकलेली बोंडं तेवढी मधूनच तडकत होती. पौषातल्या त्या कोरड्याठाक मातीला, का कोण जाणे, ओला वास येत होता...

"शेषराव हाय का जी?"

"हाय ना..." आवाज अगदी कानाशी आला.

बाभळीखाली एक म्हातारा उकिडवा बसला होता. नत्थुजीला इतका आनंद झाला, की त्यानं घाईघाईनं समन्स वाचूनच दाखवलं.

"पळाला म्हनता? आनतो मी त्याले," म्हातारा म्हणाला. लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं सहीच्या जागी नांगराची निशाणी काढली. कागद परत देताना त्याची बोटं नत्थुजीला लागली. भर उन्हात बर्फासारखी गार!

"थंडी वाजून राहिली का तुमाले?"

"आता नाही वाजत."

गावात येऊन नत्थुजीनं शेषरावांच्याच घरी पाणी मागितलं. त्यांची बायको पार्बताबाई तांब्या घेऊन आली. मालक शेतात भेटले हे ऐकून तिच्या हातातला तांब्या निसटला.

"त्यायले जाऊन तीन महिने झाले, भाऊ..." मग तिनं कागद पाहिला. "नांगर त्यायचाच. फाळ उलटा काढत नेहमी." आणि ती एकदम भडकली. "माह्या सपनात यायले सवड नाही, अन् सरकारी कामाले बरे उठले!"

नत्थुजी तापानं फणफणतच कचेरीत पोचला. शिरस्तेदारांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"मेल्याचा दाखला आहे?"

"नाही जी."

"निशाणी आहे?"

"हाय."

"मग समन्स बजावलं."

तारखेच्या दिवशी गोवर्धन आपल्या पायांनी, अनवाणी धावत आला आणि साहेबांच्या टेबलाखाली शिरला. "मले कोठडीत टाका, मायबाप! अकोल्यापासून शेषरावकाका मांगं चालून राहिले. बोलत नाही काही... नुसते खोकलतात." दगडांचा गुन्हा त्यानं न विचारताच कबूल केला. पार्बताबाईचं शेत वाचलं, नत्थुजीची नोकरी टिकली. जामीनखतावरचं शेषरावांचं नाव शिरस्तेदारांनी स्वतः काट मारून मोकळं केलं.

आठवड्यानं एका बैलचोराला उभं केलं. शिरस्तेदारांनी विचारलं, "जामीन कोण राहणार?"

चोर खुशीत होता. "सोय झाली जी. वऱ्हांड्यात एक बाबा भेटले. अंजनगावकडचे. म्हनाले, मी राहतो... माह्या मानसाले पळता येत नाही."