आबासाहेबांच्या नावाचं फोनबिल

घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी गोरक्ष आईच्या गोठ्यातलं दूध काढायचं मशीन स्कूटरवर बांधून ज्ञानेश्वरीच्या दुकानात आला. वडील आबासाहेब गेल्यापासून दोन वर्षं मशिनांची विक्री-दुरुस्ती ती एकटीच बघत होती. ती नळी बदलेपर्यंत त्याची नजर तारेला टोचलेल्या बिलांवर गेली. नेवाशात जीएसटीची कामं करणारा माणूस तो. कागद दिसला की हात शिवशिवायचे.

“फोनबिलावरचा जीएसटी परत घेत न्हाई का तुमी?”

“त्यो मिळतो?” तिच्या हातातला पाना थांबला.

“धंद्याचा फोन असंल तर भरायच्या टॅक्समधून वजा होतो. लई जण इसरत्यात. बिल तेवढं तुमच्या नावावर पायजे, तुमचा जीएसटी नंबर टाकून. हे अजून आबासाहेबांच्याच नावावर हाय.”

“आन् खासगी बोललं तर?”

“कोनाशी बोलता?” त्याच्या तोंडून निसटूनच गेलं…

ती मान खाली घालून हसली. “गिऱ्हाइकांशी. अजून तरी.”

मशीन दुरुस्त झालं, तरी त्या महिन्यात तो आणखी तीनदा आला. एकदा नियम सांगायला, एकदा तोच नियम नीट सांगायला, आणि मग फोन तिच्या नावावर करायचा अर्ज घेऊन. तिनं पेन उचललं. ‘जुने नाव’ या रकान्यापाशी मात्र ते अडलं.

“पोस्टमन बिल टाकताना वरडतो,” ती हळूच म्हणाली. “‘आबासाहेब, टपाल!’ जुनी सवय हाय त्याची. महिन्यातून एकदा… कुनीतरी बाबांना हाक मारतं.”

गोरक्षनं अर्जाची घडी घातली. “ऱ्हाऊ द्या मग.”

“आन् महिन्याला टॅक्सचे वाचनारे दीडशे रुपये?”

“जाऊ द्या की.”

त्यानंतर पंधरा दिवस तो फिरकला नाही. यायला कारणच उरलं नव्हतं. दारात स्कूटर थांबली की ज्ञानेश्वरी वर बघायची — आणि पुन्हा कामात मान घालायची. सोळाव्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तीच एसटीनं नेवाशाला गेली.

तिला ऑफिसच्या दारात बघून तो उभाच राहिला.

“अर्ज द्या,” ती म्हणाली. “बाबा असते तर पैसे सोडले म्हनून मलाच बोलले असते. पोस्टमनला सांगितलंय, आता माझं नाव घेऊन वरड.”

बोलताना डोळे भरून आले होते. तिनं नव्या नावाच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

“आडनाव इचार करून लिवा…” गोरक्ष कागदाकडेच बघत म्हणाला. “लग्नानंतर बदललं तर परत अर्ज करावा लागंल.”

“न्हाई बदलनार. दुकानबी न्हाई सोडनार.” तिनं सही ठोकली; कान मात्र लालबुंद झाले. “ज्याला चालंल त्यानं यावं.”

“मला चालतंय.”

पंख्याच्या घरघरीत विरून जावा इतका बारीक आवाज. तिला मात्र लख्ख ऐकू आला.

“आधी आईला इचारा तुमच्या.”

“कवाच इचारलंय. ती तर रोज माझ्या मागं लागती — मागनी घालाया कधी जायचं म्हनून.”

ज्ञानेश्वरीनं अर्ज त्याच्याकडे सरकवला. तो घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर तशीच राहिली… तिनंही हात काढून घेतला नाही.

“ऐतवारी या,” ती म्हणाली. “दोघंबी.”