मामाचं गळकं गलबत

"उतरवा! सगळी कौलं पुन्हा उतरवा!" मामा धक्क्यावरून ओरडला आणि ताईने कपाळावर हात मारला.

"झालं! सगळी सुट्टी कौलं वाहण्यातच जाणार," ठोंब्या कुरकुरला.

मामाचं शिडाचं गलबत बंदरातलं शेवटचं. बाकीच्यांचा माल ट्रकांनी पळवला आणि ती गलबतं एकेक करून मोडीत निघाली. मामालाही उन्हाळाभर वाट पाहून एकदाची ही कौलांची खेप मिळाली होती. पण माल भरला की गलबत गळायचं! मग माल उतरवा, पाणी उपसा, गलबत उन्हात वाळवा, पुन्हा भरा. की पुन्हा गळती! उद्या सकाळी तर भंगारवाला येणार होता.

"लाकूड कुजलंय," मामा म्हणाला. "आजोबांचं गलबत, आणि मीच मोडायला देतोय."

"मामा, ऐक तरी..." ताई म्हणाली.

"पोरांनी मध्ये मध्ये करायचं नाही!"

तिघं तडक खाली, गलबताच्या पोटात माल ठेवतात तिथे उतरली. धाकट्या टिकलीने बॅटरी धरली. "ताई, पाणी फक्त या वरच्या पट्ट्यातून येतंय! खालच्या फळ्यांतून थेंबसुद्धा नाही!"

ताईने त्या फळीला खिळा टोचून पाहिला. लाकूड टणक होतं. "मग कुजलंय कुठे?"

"अगं, खलाशांच्या लाकडी बादलीसारखंच आहे हे!" ठोंब्या ओरडला. "कोरडी असली की गळते. भिजून फुगली की गपगार!"

ताईला उलगडा झाला. गलबत रिकामं असलं की पाण्यावर उचललं जायचं आणि नेमका तोच पट्टा उन्हात तापायचा. पूर्वी ते कधी रिकामं राहिलंच नव्हतं, म्हणून ही भानगड कुणाला ठाऊकच नव्हती. आणि ही शहाणी मोठी माणसं दरवेळी माल उतरवून तोच पट्टा पुन्हा वाळवत होती!

तिघं मामाला सांगायला गेली तर तो म्हणाला, "आता बादल्यांचे धडे तुम्ही देणार मला?"

"नाही ना ऐकत? मग उतरवूच द्यायचं नाही," ताई म्हणाली. "पण पाणी फार वाढलं तर मामाला लगेच खरं सांगायचं!"

थोड्याच वेळात माल उचलायच्या यारीचा हूक गायब! सगळे खलाशी हूक शोधत पळाले. टिकली दोरांच्या वेटोळ्यावर बसून निवांत बिस्कीट खात होती. हूक मिळेपर्यंत पंप मारण्यावाचून इलाज नव्हता. मामा चिडून पंप मारत होता, पोरंही आळीपाळीने मारत होती. हाताला फोड आले! पण संध्याकाळी पंपाची धार बारीक झाली आणि सकाळी पंप नुसताच खरखरला.

भंगारवाल्याला घेऊन मामा खाली उतरला आणि त्याने फळीवरून हात फिरवला. पाणी आत यायचं थांबलं होतं!

ताईने सगळं सांगितलं. टिकलीने दोरांच्या वेटोळ्याखालून हूक काढून आणला. मामाने रागवायला तोंड उघडलं, पण तिघांना कवटाळलं. "शाब्बास रे पोरांनो! माझंच गलबत मी माझ्या हाताने वाळवत होतो!"

"आणि आता रिकामं ठेवायचं नाही!" ताईने दटावलं. "माल नसला तर वाळू भर!"

"भरतो, माझे आई!"

"मग मला कशाला हेलपाटा घालायला लावलात?" भंगारवाला भडकला.

"आलाच आहात तर शीड चढवायला हात लावा!" मामा म्हणाला.

भंगारवाला पुटपुटला, चरफडला. पण दोर मात्र त्याने जोर लावून ओढला.