परदेशी : कळी आली

"माझी मुलगी वारली," खुर्चीत बसायच्या आधीच म्हातारा म्हणाला. "आणि ते म्हणतात, मेल्यावर तिनं माणसांच्या जिवावर उठायचं ठरवलं."

तपासनीस बाईंनी हातातला कप खाली ठेवला. त्यांचा धाकटा दीर, ज्याला सगळं जग भावोजीच म्हणायचं, पंखा पुसता पुसता स्टुलावरच थांबला.

म्हातारा निवृत्त बसचालक. थोराड हाडाचा, नखांत काळी माती. मुलगी प्रोग्रामर होती. तिची कंपनी इस्पितळांसाठी डायलिसिसच्या पाळ्या सांभाळायची. कुणाची पाळी कधी, कुठल्या मशीनवर, हे सगळं क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये. मुलगी आजारानं गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका सकाळी, तो डेटाबेस कोरा झाला. रुग्ण दारांत ताटकळले. एका बाईला अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. ती थोडक्यात वाचली.

"किल्ली तिची होती म्हणतात. जायच्या आधीच प्रोग्राम पेरून ठेवला, सूड म्हणून. आमच्या जिन्यात भिंतीवर तिच्या नावानं घाण लिहितात. मी पुसतो. परत लिहितात."

मेलेल्या माणसावर आळ घेणं फार सोयीचं असतं. तो उलटून बोलत नाही.

"तुम्हाला काय हवंय, काका?"

"तिच्यावरचं किटाळ जायला हवं."

"खरं कळलं आणि तेच जास्त दुखलं तर?"

"याहून काय दुखणार, बाई?"

बाईंनी कंपनीचा पत्ता लिहून घेतला.

कंपनीच्या मालकाला सगळे साहेब म्हणत. साहेबांची खोली काचेची होती.

"आम्ही तिला घरच्यासारखं वागवलं," ते म्हणाले.

"आजारपणात?"

"पूर्ण रजा. कामाचा एक निरोप नाही. किल्ली ऑफिसबाहेर कधी गेलीच नाही. म्हणूनच म्हणतो, रजेवर जायच्या आधी इथेच पेरलं."

"ती गेल्यावर किल्ली बंद का नाही केली?"

"राहून गेलं."

तिच्या शेजारी बसणारा सहकारी जाड भिंगांचा होता. ऑफिसात त्याचं नाव चष्मेवाला.

"किल्ली म्हणजे काय रे बाबा?" भावोजींनी विचारलं.

"एक फाइल. आमचा प्रोग्राम डेटाबेसशी थेट बोलत नाही. मध्ये लायब्ररी असते, म्हणजे आयता लिहिलेला कोड. ती किल्लीची फाइल दाखवते, डेटाबेस ओळख पटवतो आणि आत घेतो."

"आणि प्रोग्रामात किल्ली सांगितलीच नसेल तर?" बाईंनी विचारलं.

"लायब्ररी स्वतः शोधते. कॉम्प्युटरवर ठरलेल्या जागी किल्ली सापडली की उचलते, आणि ती ज्या डेटाबेसची असेल तिकडे जाते."

"विचारत नाही?"

"अजिबात नाही."

"आमचं मांजर बरं," भावोजी म्हणाले. "चोरून दूध पितं, पण निदान मिशा तरी चाटतं."

"किल्ल्या किती?" बाईंनी विचारलं.

"एकच. सगळ्यांना तीच. वाचायलाही तीच, पुसायलाही तीच. तिनं बनवली म्हणून तिच्या नावाची. वेगवेगळ्या करू म्हणून ती हात धुऊन मागे लागली होती. साहेब म्हणाले, वेळ नाही."

"पुसलं ते कुठल्या कॉम्प्युटरवरून?"

"ती नोंद ठेवायची सोय आम्ही चालूच केली नव्हती."

"किल्ली तिच्या घरी गेली होती?"

चष्मेवाल्यानं काचेच्या खोलीकडे पाहिलं. "साहेबांनी सांगितलं ना तुम्हाला."

"बरं. डेटाबेस कोरा झाला. अगदी कोरा?"

"नाही. पुसल्या पुसल्या त्यात तीन नोंदी आल्या. 'थोरला: पाणी दिले. रुसका: पाणी नको. परदेशी: कळी आली.' साहेब म्हणतात, धमकी आहे."

"कळी आली ही धमकी?" भावोजी हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

बाहेर पडताच भावोजी कुजबुजले, "वहिनी, हा चष्मेवालाच. घाम बघितलात त्याचा?"

"बघितला, भावोजी. साहेबांना का नाही फुटला, त्याचा विचार करतेय."

म्हाताऱ्याचं घर दोन खोल्यांचं. खिडकीपाशी मुलीचा कॉम्प्युटर.

"शेवटी शेवटी ती मला प्रोग्राम लिहायला शिकवायची," म्हातारा म्हणाला. "उशीला टेकून. चुकलो की म्हणायची, बाबा, गिअर न बघता टाकलात. सरावाला एक खोटा डेटाबेस करून दिला होता. हवं ते भरा, हवं ते पुसा, काही बिघडत नाही म्हणायची."

"अजून बसता?"

"ती गेल्यावर बंद करून चादर टाकली होती. मग राहवेना. तिनं शिकवलेलं विसरलो, तर..."

बाईंनी त्याच्या परवानगीनं कॉम्प्युटर बराच वेळ पाहिला. भावोजी गॅलरीत कुंड्यांमध्ये रमले. एका नाजूक रोपाला जांभळं फूल होतं.

"याचं कलम तिनं बाहेरदेशातून मागवलं होतं," म्हातारा म्हणाला. "ती होती तोवर नुसतं ढिम्म. ती गेली आणि मग पहिल्यांदा कळी धरली. तिला बघायला नाही मिळालं."

बाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"काका," त्या अखेर म्हणाल्या, "त्या दोघांना उद्या सकाळी इथेच बोलावते."

दुसऱ्या दिवशी साहेब घड्याळ बघत बसले. चष्मेवाला उभाच राहिला. म्हातारा दाराला टेकून होता.

"प्रोग्राम आधी पेरला होता, ही पहिली थाप," बाई म्हणाल्या. "'परदेशी' म्हणजे गॅलरीतलं ते बाहेरदेशचं रोप. 'कळी आली' हे आधी लिहून ठेवता येत नाही. कळी मुलगी गेल्यावर आली. लिहिणारा तेव्हा जिवंत होता आणि त्यानं ती कळी पाहिली होती."

भावोजींनी गॅलरीकडे पाहिलं. "म्हणजे, वहिनी..." आणि तोंड मिटलं.

"या कॉम्प्युटरवर एक सरावाचा प्रोग्राम आहे. तो आधी सगळं साफ करतो, मग कुंड्यांची माहिती भरतो. खोट्या डेटाबेसला ते चालतं. लायब्ररीनं खोट्याकडे जायचं, हे मुलीनं एका सेटिंगनं सांगितलं होतं. ते सेटिंग तिनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडलेल्या खिडकीपुरतंच होतं. कॉम्प्युटर बंद झाला, ते गेलं. पुढच्या वेळी लायब्ररीनं आपली आपण किल्ली शोधली आणि खऱ्या डेटाबेसकडे गेली."

"पण इथे किल्ली कुठली?" साहेब म्हणाले.

"तीच तर दुसरी थाप. किल्लीची फाइल या मशीनवर तिच्या रजेत आली."

"मी पाठवली," चष्मेवाला म्हणाला. "साहेब म्हणाले, अंथरुणात लोळून काय करते, काम करू दे. तिला बसवत नव्हतं. तरी करायची. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो."

"म्हणजे मी," म्हातारा म्हणाला.

त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"ती इस्पितळातली बाई. ते मी केलं."

"म्हणजे शेवटी घरातूनच झालं," साहेबांनी सुस्कारा टाकला.

"लाज वाटू द्या!" बाई कडाडल्या. "मरणाऱ्या पोरीला राबवलंत. इस्पितळांची सगळी दारं एका किल्लीवर टांगलीत, आणि वर मढ्यावर आळ घेतलात. माझ्या अहवालात हे सगळं जाणार आहे. चष्मेवाले सही करतील."

चष्मेवाल्यानं मान हलवली.

"जाऊ दे ते सगळं," म्हातारा म्हणाला. "पण आधी माझं लिहा. तिनं काही केलं नाही, बापानं केलं. साहेब, तिचं नाव जितक्या ठिकाणी सांगितलंत, तितक्या ठिकाणी आता माझं सांगा."

"काका, तुम्हाला माहीत नव्हतं."

"तिलाही नव्हतं. तिला कुणी सोडलं?"

त्यानं चपला घातल्या. "ती बाई आता कुठं असते?"

चष्मेवाल्यानं पत्ता सांगितला.

"मी येतो सोबत," भावोजी म्हणाले.

"नको. हे माझं मलाच बोलायचंय." उंबऱ्यावर तो थबकला. "बाई, ती असती तर ओरडली असती ना माझ्यावर?"

"खूप."

"ओरडायला तरी असायला हवी होती," म्हातारा म्हणाला आणि कठडा धरून जिना उतरू लागला.