शेवटच्या प्रश्नाचं उत्तर

व्हाइटफील्डहून सुटलेल्या ऑफिसच्या कॅबमध्ये कस्तुरीच्या शेजारी त्या संध्याकाळी एक अनोळखी तरुण येऊन बसला. बाहेर पाऊस, काचांवर वाफ, आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली. कस्तुरी नागपूरची, बंगळुरात एकटी. मोबाइलवर ती नैराश्याची ऑनलाइन चाचणी सोडवत होती. झोप लागते का, कशात मन रमतं का... भराभर उत्तरं देत गेली. शेवटच्या प्रश्नाशी अंगठा थांबला. आपण नसतो तर बरं, असं वाटतं का? तिने 'जवळजवळ रोज' निवडलं. मग ते बदलून 'कधीच नाही' केलं.

मान वर केली, तर शेजारचा तिच्याकडेच पाहत होता.

"चुकून बघितलो मी," तो हळूच म्हणाला. "पण आता गप्प बसवत नाही."

ती चिडली. हे कुठलं मराठी, असंही तिने तुटकपणे विचारलं.

"निपाणीचं. तुमच्याइतकं शुद्ध नाही... पण खरं बोलतं."

नकळत तिच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

त्याचं नाव गुरुदत्त. त्यानेही एकदा हीच चाचणी अशीच खोटी सोडवली होती. सगळं ठीक असल्याचा निकाल आला, त्याने तो खरा मानला आणि दुखणं वाढू दिलं. जे. पी. नगरला दोघं उतरले, तेव्हा त्याने तिला सरळ विचारलं — जिवाचं काही करून घ्यावं, असं मनात येतं का? तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. मग हो म्हणाली. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने मैत्रिणीला, अहल्याला, फोन लावला. ती येईपर्यंत गुरुदत्त कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी निववत समोर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी अहल्या तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

औषधं सुरू झाली. काही दिवस बरे गेले, काही फार वाईट. मध्ये कस्तुरी आईकडे नागपूरला जाऊन राहिली. गुरुदत्त तिला रोज सिल्क बोर्ड चौकातल्या ट्रॅफिकची बातमी पाठवायचा, बाकी काही नाही. हळूहळू ती त्या बातमीची वाट पाहू लागली...

ती परतली, तेव्हा चेहऱ्यावर रंग आला होता, आवाजात जीव आला होता. आणि गुरुदत्त मात्र लांब लांब राहू लागला. कॅबमध्ये पुढे, ड्रायव्हरजवळ बसायचा. शेवटी एका रविवारी तिने त्याला बागेत गाठलं आणि कारण विचारलं.

तो खाली बघत बोलला. वाईट वेळी जो जवळ असतो, त्याच्याबद्दल मन ओढ घेतं, ते प्रेम असेलच असं नाही. आणि त्याचं दुखणंही पुन्हा डोकं वर काढू शकतं.

"उपकार वाटले असते, तर पेढे देऊन मोकळी झाले असते," कस्तुरी म्हणाली. "मी घाई केली नाही, गुरुदत्त. बरी होईपर्यंत थांबले. बरी झाल्यावरही तूच आठवत राहिलास."

"आणि मी परत आजारी पडलो तर?"

"तर मला सांगायचंस. मी पडले तर मी सांगेन. एवढंच मागते."

झाडांवरून थेंब गळत होते. त्याने मान हलवली.

"सरी," तो कानडीत 'बरं' म्हणाला.

"नुसतं सरी?"

"तू नागपूरला होतीस ना..." तो म्हणाला. "रोज भीती वाटायची. उद्या तुझं उत्तर आलं नाही तर? कुणाला सांगणार होतो..."

तिला सावरताना स्वतःचं काय होत होतं, हे तो पहिल्यांदाच बोलत होता. कस्तुरी जवळ सरकली, त्याचा गार हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"मला सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."