एकेचाळिसावी रुग्णवाहिका

सर्जेराव पोवारांनी चौथ्यांदा साडेबाराचा आकडा भरला आणि चौथ्यांदा तो पडद्यावर आपोआप चौदा पूर्णांक सात झाला.

"आयला ह्याच्या!" त्यांनी लॅपटॉप आपटायला उचलला, तो स्वतःचाच आहे हे आठवल्यावर अलगद खाली ठेवला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्यांच्या गॅरेजात, चाकं जागच्या जागी पळवणाऱ्या रोलरवर, एक पेट्रोलची छोटी रुग्णवाहिका बांधून ठेवली होती. चालक विजया लोहार दाराशी उभी होती. मंगळवारी करूळ घाटात तिच्या गाडीने दम सोडला होता. मागे कळा सोसणारी बाई, आणि गाडी माणूस चालतो त्या वेगाने वर चढत होती. बाळ वळणावरच जन्मलं. वाचलं, एवढंच.

"मामा, चारला परत घाट उतरून खाली जायचंय मला," ती म्हणाली. "आकडाच तर भरायचाय न्हवं?"

"आकडाच तर टिकंना झालाय!"

सपाट रस्त्यावर एक भाग पेट्रोलला चौदा पूर्णांक सात भाग हवा हे माप उत्तम. सगळं जळतं, धूर कमी. पण भरल्या गाडीने चढ घेताना इंजिनाला जादा पेट्रोल लागतं, म्हणजे एका भागाला हवा साडेबारा भागच. ते जळण्यापेक्षा आतली धग शोषायच्या कामाला येतं. ते मिळालं नाही तर मिश्रण अवेळी भडकतं, पिस्टनवर हातोड्यासारखे ठोके बसतात आणि इंजिनाचा संगणक घाबरून ताकदच कापतो.

हे लक्ष्यमाप पूर्वी गॅरेजवाला ठरवायचा. शहरं धुराने कोंडली, तेव्हा ते काम 'समतोल'कडे गेलं. राज्यातल्या प्रत्येक इंजिनाकडून शिकणारी ही यंत्रबुद्धी. आकडा बदलायचा तर तिला तोंडी कारण द्यायचं. गाडीचा नंबर ती तपासत नसे; खेड्यात ऐनवेळी कुणाचीही जीप रुग्णवाहिका होते, तेव्हा गॅरेजवाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असं तिला घडवणाऱ्यांनीच ठरवलं होतं. भली माणसं. उद्यमनगरात कधी आली नसावीत.

"कारण सांगितलं की रुग्णवाहिका म्हणून!" सर्जेराव पडद्यावर खेकसले.

"हे कारण आपण याआधी चाळीस वेळा दिलं आहे," समतोल शांतपणे म्हणाली. "जिल्ह्यात रुग्णवाहिका सत्तावीस. या कारणावर जादा पेट्रोल घेणाऱ्या गाड्या तीनशे बारा. त्या सुट्टीच्या दिवशी जास्त धावतात. त्यामुळे या शब्दाला आता मी वजन देत नाही."

विजयाने सर्जेरावांकडे पाहिलं. "चाळीस? कोण कोण पेशंट न्हेतंय ओ मामा?"

सर्जेराव बोल्टांच्या डब्यात काहीतरी शोधू लागले. मेव्हण्याची जीप. तालमीच्या वस्तादांची गाडी, तिला 'उचल' हवी होती. दोन नवरदेव. आणि त्यांची स्वतःची, पन्हाळ्याला तिसऱ्या गिअरात चढते म्हणून.

"सगळेच सांगत्यात," ते पुटपुटले. "पटकन पास हुतंय म्हणून."

"मंगळवारी ती बाई माझ्या नावानं वरडत होती, मामा. तुमच्या न्हाई."

सर्जेरावांनी खुर्ची ओढली. "माझी चाळीस खोटी हुती. काढून घे परत."

"चाळीसही?" समतोलने विचारलं.

"व्हय! माझी सोताची गाडी पण."

दहाव्या मिनिटाला मेव्हण्याचा फोन आला. जीप मेल्यासारखी चालतेय म्हणाला. सर्जेरावांनी शिव्या ऐकून घेतल्या, दोन परत दिल्या, फोन ठेवला. मग पुन्हा साडेबारा भरले.

आकडा थरथरला आणि चौदा पूर्णांक एकवर थांबला.

"एवढंच?"

"आपला शब्द थोडा जड झाला आहे," समतोल म्हणाली. "पण 'रुग्णवाहिका' हा शब्द आपल्या एकट्याचा नाही. दोनशे बहात्तर गाड्या अजून तो वापरत आहेत."

सर्जेरावांनी रोलरवर गाडी ताणली. ठोके कमी झाले, पण थांबले नाहीत. विजयाने घड्याळ पाहिलं: सव्वादोन.

ते हात न पुसताच उठले आणि बोळ ओलांडून समोरच्या गॅरेजात शिरले. गजानन मिठारी, तीस वर्षांचा त्यांचा स्पर्धक, गाडीखालून बाहेर सरकला.

"गजा," सर्जेराव म्हणाले, "खरं सांग. तुझ्याकडं रुग्णवाहिका किती हायत?"